नापास केलेला उजेड

माझे डोळे कारखान्यात प्रसिद्ध होते. हे मीच सांगते आहे, कारण मला बढाई मारायला आवडते. शिरवण्याजवळच्या औद्योगिक पट्ट्यात आमचा दिव्यांचा छोटा कारखाना आहे. तिथे एक अंधारी खोली आहे. भिंती काळ्या, दाराला काळा पडदा. तयार झालेला दिवा त्या खोलीत लावायचा, त्याच्या उजेडाचा रंग बघायचा आणि सांगायचं, पास की नापास. जवळजवळ तीस वर्षं मी हेच काम केलं. याच डोळ्यांनी मी एका माणसाचा हात बदनाम केला आणि दोन वर्षं मला त्याचा पत्ता नव्हता.

साताऱ्याकडून लग्न होऊन नेरूळला आले आणि वर्षभरात कारखान्यात लागले. पहिल्याच संध्याकाळी मला बाकावर ओळीने लावलेले बल्ब पेटवायला सांगितले. मी बटण दाबलं, चाळीस बल्ब एकदम लागले आणि मी सवयीने हात जोडले. माहेरी दिवेलागणीला दिवा लावला की त्याला नमस्कार करायचा, मग तो समईतला असो नाहीतर छताला लोंबकळणारा. सगळा फ्लोअर हसला. "ही बाई रोज हजार नमस्कार घालणार," असं कोणीतरी म्हणालं. पण महिन्याभरात संध्याकाळचा पहिला दिवा लागला की सगळेच हात जोडायला लागले. शेठसुद्धा केबिनच्या काचेमागून जोडायचे. ती पद्धत अजून आहे.

तेव्हा तारेचे बल्ब होते. केसासारखी तार, तिच्यातून वीज गेली की तापायची, लाल व्हायची, मग पिवळी, मग बघवणार नाही इतकी झळझळीत. माझ्या गालांना त्याची धग लागायची. ते मला कळत होतं. चुलीतलं लाकूड पेटतं, लोहाराचं लोखंड लाल होतं, त्यातलाच तो प्रकार. नंतर ट्यूब आल्या आणि डोकं चालेना. नळीच्या आत जरासा पारा आणि विरळ गॅस. त्यातून वीज गेली की जो उजेड होतो तो डोळ्याला दिसतच नाही. काचेला आतून पांढरी पावडर लावलेली असते, ती हा न दिसणारा उजेड घेते आणि दिसणारा करून परत देते. हे मला पहिल्यांदा समजावून सांगितलं तेव्हा मी स्टुलावर बसून राहिले. दिसत नाही असाही उजेड असतो, आणि तो रोज आपल्या डोक्यावर, छताला टांगलेला असतो.

मग एलईडी आले आणि माझी बोलतीच बंद झाली. मोहरीच्या दाण्याएवढा तुकडा. तार नाही, गॅस नाही, काही जळत नाही. वीज त्यातून जाते आणि जाता जाता उजेड होते. हा उजेड असतो गडद निळा. त्यावर पिवळ्या पावडरीचा चिकट थेंब सोडायचा. निळ्यातला काही भाग पावडर गिळते आणि पिवळा करून देते, उरलेला निळा तसाच बाहेर पडतो आणि दोघं मिळून पांढरे दिसतात. आज घराघरात जो पांढरा उजेड आहे तो असा दोन रंगांची समजूत घालून आणलेला आहे. पावडर जरा जास्त झाली की दिवा पिवळट, जरा कमी झाली की निळसर. त्या एवढ्याशा जरावर आमच्या सगळ्यांचं पोट होतं.

ती पावडर घालायचे शिरवणे गावातले एक दादा. आगरी माणूस, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठे, आवाज भरपूर आणि हात एकदम हलका. त्यांच्या वडिलांची शेतं जिथे होती तिथेच आता कारखाने आहेत. ते पारदर्शक डिंकासारख्या मिश्रणात पावडर घोटायचे आणि डोळे मिटून म्हणायचे, "झाला." त्यांनी घोटायचं आणि मी बघायचं. सगळा कारखाना आम्हा दोघांना नवरा-बायकोसारखं भांडताना ऐकत असे, आणि आम्हाला त्याचं काही वाटत नसे.

एकदा दुपारी त्यांनी मला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. हातात प्रसादाची खडीसाखर आणि पक्कड. पडदा ओढला, डोळे अंधाराला सरावू दिले आणि खडा पकडीत दाबला. खडा फुटला त्या क्षणी त्यातून निळी ठिणगी निघाली. विस्तव नाही, वीज नाही. साखर फुटली आणि उजेड झाला. मी त्यांना आणखी फोडायला लावले. वाटीभर खडीसाखरेचा चुरा होईपर्यंत आम्ही तिथेच होतो आणि नंतर तो चुरा चहात घातला. साखरेत निळा उजेड दडलेला असतो आणि आपण तो रोज न बघता चावून खातो, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

दोन वर्षांपूर्वी दिवे पिवळे पडायला लागले. म्हणजे मला ते पिवळे दिसायला लागले.

मी एक ट्रे नापास केला. दुसऱ्या दिवशी दोन. दादा म्हणाले, "ताई, पावडर कालच्याच मापानं घातली हाय." मी म्हटलं, मग माप चुकतंय. खोलीत तुलनेसाठी एक जुना पास केलेला दिवा ठेवलेला असतो, नमुना म्हणून. दादांनी तो लावून दाखवला, दोन्ही दिवे सारखेच होते. मी म्हटलं, नमुनाही जुना होऊन पिवळा पडलाय, टाकून द्या. उजेडाचा रंग मोजायचं मीटर होतं, ते म्हणे बरोबर आहे. मी शेठना सांगितलं, मीटर बिघडलंय. शेठचा माझ्यावर इतका विश्वास की त्यांनी मीटर तपासायला पाठवलं. ते उत्तम असल्याचा दाखला घेऊन परत आलं. शेठ म्हणाले, "कागद काहीही म्हणो, ताई म्हणतील ते खरं." मला तेव्हा फार बरं वाटलं होतं, हे कबूल करते.

शेवटी दादांनी माझ्या सांगण्यावरून पावडर कमी केली. मी पुरे म्हणेपर्यंत कमी केली. मग मी खूश होऊन सगळा माल पास केला. महिन्याभरात गिऱ्हाइकाकडून तो माल परत आला. दिवे निळे आहेत, दवाखान्यासारखं वाटतं, अशी तक्रार. शेठ चिडले आणि चौकशी झाली ती मिक्सिंगची. माझ्या डोळ्यांची चौकशी करावी असं कोणाच्या मनातही आलं नाही, माझ्या तर नाहीच. दादांचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही असं ठरलं आणि त्यांना खोके बांधायला पॅकिंगला पाठवलं. त्यांच्या जागी मशीन आलं. मशीनचेही दिवे मी अधूनमधून नापास करत होते, आणि मनात म्हणत होते, दादांच्याच मापावर लावलंय ना, मग काय होणार.

दादा माझ्याशी आधी बोलायचे तसेच बोलत राहिले. मला वाटलं, माणसाला आपली चूक कळली की तो असा शांत होतो.

घरीही तेच. सीवूड्सच्या आमच्या सोसायटीत इस्त्रीवाल्यापासून वॉशिंग मशीनवाल्यापर्यंत सगळ्यांशी माझं वाजलं, कारण नवऱ्याचे पांढरे शर्ट पिवळे निघत होते. मी दर धुण्याला नीळ घालायला लागले. नवरा ते शर्ट घालून ऑफिसला जायचा. बोलणं त्याच्या स्वभावात कमीच.

मागच्या हिवाळ्यात दादांच्या मेहुण्याची हळद होती, उरणच्या पुढे किनाऱ्यावरच्या एका गावात. त्यांनी सगळ्या फ्लोअरला आमंत्रण दिलं, मलाही. जावं की नाही असं झालं होतं, पण इतकी वर्षं शेजारी काम केलेलं. संध्याकाळी नवरा आणि मी गाडीने निघालो. जासईला ट्रेलरांच्या रांगेत अडकलो. शेजारच्या यार्डात कंटेनरला वेल्डिंग चाललं होतं. दोन टोकं जवळ आली की मधली हवाच पेटते आणि डोळ्यात तारा घुसल्यासारखा उजेड होतो. मला तो उजेड मळकट वाटला. मी म्हटलं, "हल्ली वेल्डिंगही धड करत नाहीत." नवऱ्याने माझ्याकडे बघितलं आणि गिअर टाकला.

हळद जोरात होती. बेंजो, पिवळ्या अंगांची माणसं, रस्त्यावर नाच. नुकताच अंधार पडला होता तेव्हा दादा आम्हाला शोधत आले. "ताई, चला. पानी पेटलाय."

मंडपामागे घरांची एक ओळ, तिच्यामागे किनारा. दादांची बायको आधीच तिथे उभी होती. तिने चपला काढल्या, लुगड्याचा काठ धरला आणि पाण्यात पाय टाकला. नवऱ्याच्या तोंडून आवाज निघाला. तो मोठ्याने श्वास घेणं आणि देवाचं नाव यांच्या मधलं काहीतरी होतं. दादा सांगत होते की पाण्यात डोळ्याला न दिसणारे जीव असतात, एखाद्या वर्षी थंडीत भरमसाट होतात, आणि त्यांना धक्का लागला की ते उजेड देतात. मासा पोहला तर मासा उजेडात दिसतो, होडी गेली तर तिच्यामागे उजेडाची वाट. "माजा सासरा हा उजेड बगून जालं टाकायचा. बॅटरी नाय, कंदील नाय." मी ऐकत होते आणि माझ्या अंगावर काटा येत होता. तार तापवून उजेड, गॅसमधून उजेड, दगडासारख्या तुकड्यातून उजेड, साखर फोडून उजेड, सगळं मी पाहिलं होतं. पण उजेड करणारा जीव! जे आपण सगळे मिळून कारखाने घालून करतो ते हा नखावर ठेवला तरी दिसणार नाही एवढासा जीव नुसता दचकून करतो.

वहिनींनी ओंजळभर पाणी उडवलं. "कसा निलानिला दिसतोय ना, ताई?"

मी बघत होते. काळं पाणी, आणि त्यावर चुलीतल्या राखेसारखं काहीतरी पुसट. "छान आहे," मी म्हटलं. "पांढरट."

"पांढरट?" नवरा म्हणाला. "अगं, निळं आहे. गॅसच्या ज्योतीसारखं निळं."

"थोडं राखाडी," मी म्हटलं. आणि मग लक्षात आलं की तिघंही पाण्याकडे न बघता माझ्याकडे बघताहेत.

दादांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना त्या क्षणी सगळं कळलं होतं. नमुना, मीटर, परत आलेला माल, पॅकिंगचे खोके. दीड-दोन वर्षांचा राग माझ्यावर काढायला त्यांना तिथे कोणी अडवलं नसतं. ते एवढंच म्हणाले, "ताई, डोले दाखवून घ्या. उशीर नका करू."

मी परतीच्या वाटेवर फुरंगटून बसले. माझे डोळे? घरी आले, तडक स्वयंपाकघरातून खडीसाखरेचा डबा आणि अडकित्ता घेतला, नवऱ्याला बाथरूममध्ये ओढलं आणि दिवा बंद केला. पाच मिनिटं अंधारात थांबलो. मग पहिला खडा फोडला.

"दिसली," नवरा म्हणाला.

"काय दिसली?"

"ठिणगी. निळी."

दुसरा फोडला. तिसरा. त्याला दर वेळी दिसत होती आणि मला नुसता आवाज ऐकू येत होता. सातव्या खड्यानंतर मी अडकित्ता खाली ठेवला. मी तिथेच पालथ्या बादलीवर बसले. अंधारात नवरा म्हणाला, "एक सांगू? माझे शर्ट पांढरेच होते. आता आकाशी झालेत. ऑफिसात मला नवीन युनिफॉर्म आला का म्हणून विचारतात."

"मग बोलला का नाहीत?"

"तू दिव्यांची तपासनीस. मला वाटलं, माझंच काही चुकत असेल."

मला रडू आलं. शर्टांसाठी नाही. माझ्यापुढे एक एक ट्रे येत होता.

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरबाई म्हणाल्या, डोळ्यातलं भिंग हळूहळू चहासारखं होत जातं, आणि रोज त्यातूनच बघणाऱ्याला ते कळत नाही. चहा निळ्या रंगाला आधी अडवतो. म्हणजे दादा दिव्यावर मोजून पिवळा थेंब सोडत होते आणि त्यावर आणखी एक पिवळा थेंब माझ्या डोळ्यात होता, बिनमापाचा.

आधी डावा डोळा केला. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली आणि मी नर्सला विचारलं, ही ट्यूब निळी कोणी लावली? ती हसली. तिला रोजच कोणीतरी हे विचारत असणार. घरी आले. चहा टाकायला गॅस पेटवला आणि तिथेच खिळले. ती ज्योत! बर्नरच्या प्रत्येक भोकातून निळी पाकळी, पाकळीच्या आत फिकट पाकळी, टोकाला जांभळी झाक. दोन वर्षं रोज चार वेळा मी ही पेटवत होते आणि बघत नव्हते. दूध उतू गेलं, ज्योत एका बाजूने नारिंगी झाली, मी तेही बघत राहिले. नवरा आला, गॅस बंद केला आणि ओट्यावरचं दूध पुसलं. त्याचा शर्ट खरोखरच आकाशी होता.

दहा दिवसांनी शेठच्या केबिनमध्ये गेले. रात्रभर वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले आणि सरळ सांगून टाकलं. दिवे बरोबर होते. मीटर बरोबर होतं. दादांचा हात बरोबर होता. नंतर निळा माल गेला तो मी घालवला. मला काढलंत तरी चालेल, असंही म्हटलं.

शेठ म्हणाले, "ताई, मी मीटर तपासायला पाठवलं. तुम्हाला नाही पाठवलं." त्यांनी दादांना दुसऱ्या दिवसापासून मिक्सिंगला परत घ्यायला सांगितलं. मला दुसरा डोळा करून यायला सांगितलं आणि यापुढे मीटर समोर ठेवल्याशिवाय पास-नापास म्हणायचं नाही अशी अट घातली. मी मान डोलावली. निरोप मीच देते म्हटलं.

दादांची ड्युटी संपून गेली होती. संध्याकाळी मी शिरवण्यात त्यांच्या घरी गेले. खरं सांगायचं तर जाताना मला जरा हलकं वाटत होतं. चूक कबूल केली, चांगली बातमी आणली, आता माझ्याकडे कोणी बोट दाखवणार नाही, असं काहीतरी मनात होतं. दादा ओटीवर बसले होते. मी निरोप सांगितला. ते हसले. मी विचारलं, "तुम्हाला त्या दिवशी पाण्यावर कळलं होतं. शेठना का नाही सांगितलं?"

"सांगून काय? तुमचा काम गेला असता. तुमी स्वताच बगून सांगाल, म्हनून थांबलो."

मी माफी मागायला तोंड उघडलं तेवढ्यात वहिनी आतून म्हणाल्या, "जरा थांबा हां. दिवे लावते."

त्यांनी बटण दाबलं. ओटीवर उजेड पडला, मग आतल्या खोलीत, देव्हाऱ्यावर, जिन्यावर, मागच्या पडवीत. जिन्याच्या प्रत्येक पायरीला पट्टी, देवाच्या डोक्यावर छोटी गोल माळ. मला ते आकार ओळखू आले. माझ्या ट्रेमधले होते. नापास माल शेठ आम्हाला घरी न्यायला देत, मी कधी नेला नाही, असला पिवळा उजेड कोण घरात लावणार म्हणून. दादांनी आपल्या हातचा तो माल तेव्हाच नेला होता आणि घरभर लावला होता.

आणि तो पांढरा होता. कुठे पिवळट नाही, कुठे निळसर नाही. कापसासारखा, शांत, डोळ्याला कुठेही न बोचणारा. तीस वर्षांत मी इतका नेमका पांढरा क्वचित पास केला असेल. मी नवा डोळा मिटून जुन्याने बघितलं. सगळं घर पिवळं झालं. परत उघडला, पांढरं. या माणसाच्या हातून हे रोज होत होतं आणि मी रोज नाही म्हणत होते. येताना आणलेला हलकेपणा कुठल्या कुठे गेला.

"दादा, हे सगळे मी नापास केलेले," मी म्हटलं.

"हाय ना," ते म्हणाले. "एक पन अजून गेला नाय." मग उठले, देव्हाऱ्याकडे वळले. "दिवा लागलाय ताई. पयला हात जोडा, मग बोला."

मी हात जोडले. बराच वेळ जोडलेले ठेवले.